नाई मोडलं तं आपलं

आमच्या घरमालकीण मावशींच्या थोरल्या भावानं मला उभं केलं, हे सगळ्यात आधी सांगून टाकते. काय झालं, कसं झालं, ते मागून येईलच. पण ज्यानं हात दिला त्याचं नाव मागं राहू नये. आता नाव म्हणजे तरी काय, मावशींची पोरं त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही मामाच म्हणते, आणि निम्मं मालेगाव तेच म्हणतं. अख्ख्या वाशिम जिल्ह्यात लोखंडावर यांच्याइतका अविश्वास असलेला दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. माणसांवर मामांचा विश्वास आहे, चावऱ्या कुत्र्यांवर आहे, एवढंच काय, एसटीच्या वेळापत्रकावरसुद्धा आहे. पण दोन लोखंडं एकमेकांना चिकटलेली दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ही खरंच चिकटलीत की चिकटल्याचं सोंग करतायत, हे कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही.

त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात वीतभर हातोडी असते. लोक तिथं तंबाखू ठेवतात, देवाचा फोटो ठेवतात. मामा हातोडी ठेवतात. रस्त्यानं जाताना कुणाचं फाटक, कुणाची खिडकी, स्टँडवरचा बाक, दूधवाल्याच्या मोटारसायकलीवरचं कॅन अडकवायचं लोखंड, जे दिसेल त्याच्या जोडावर टिचकी मारल्यासारखी हातोडी मारायची, कान तिरपा करायचा आणि पुढं चालू लागायचं. आतून कुणी "कोन हाय?" म्हणून ओरडलं की उत्तर ठरलेलं. "कोनी नाई. फाटक पाहून राह्यलो. निजा." भर दुपारी बारा वाजताही ते "निजा" असंच म्हणतात. "चांगला जोड टन्न बोलते अन् खोटा जोड खोकलते," हे त्यांचं सगळं शास्त्र. रिसोडला मावशींच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामा स्टेजवर चढले आणि नवरानवरीच्या त्या सोनेरी सिंहासनामागं जाऊन बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा पाय दुखत असेल. तिसऱ्या टिचकीला त्यांनी मान वर काढली आणि ओरडले, "उभे राहा बापा दोघं, बसू नोका याच्यावर! खोकलून राह्यलं!" नवऱ्याकडचे चिडले. नवरदेवाचे काका तर रागारागात स्वतःच जाऊन सिंहासनावर बसले, "पाहा, काय होते?" म्हणून. काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. काकांना दोघांनी धरून उठवलं, आणि मामांना मात्र धन्यवाद मिळायचे राहिले बाजूला, आजपर्यंत त्या घरात त्यांना अपशकुनी म्हणतात. मामांना त्याचं काही नाही. "पडला तो हाताभरावरून," एवढंच ते म्हणाले होते. "हाताभरावरून पडनं नशिबात लागते."

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. तेव्हा माझे मालक चालते-फिरते होते.

मी मंगळवेढ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, मग मालकांच्या मागं मागं फिरणं. ते वेल्डर. इकडं मोठ्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा कठड्यांच्या कामावर आले आणि मला घेऊन आले. रस्ता पुढं सरकला तशी बाकीची माणसं रस्त्याबरोबर गेली, पण मालक म्हणाले, आता किती दिवस पालात राहायचं, इथंच पाय टेकू. म्हणून मावशींचं रस्त्याकडचं दुकान आणि त्यामागची एक खोली घेतली. गिरणीच्या शेजारी. दोन वर्षं बरी गेली. ग्रिल, दारं, पेरणीयंत्राची किरकोळ कामं. मी पाइप धरायची, कामाला तांबडा रंग मारायची आणि ठिणग्यांकडं पाठ करून उभी राहायची, कारण मला सगळ्याचीच भीती वाटते. फोन वाजला तरी मी दचकते.

श्रावणातल्या त्या फोनबद्दल लिहिणार होते, पण हात चालत नाही. एवढंच लिहिते. रिसोडला धान्याच्या एका गोदामाची शेड उभी करत होते. सकाळी स्वतः जोडलेल्या लोखंडी टेकणावर दुपारी पाय देऊन वर चढले. टेकण निघालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की कमरेखालचं आता काही सांगता येत नाही, आणि "सांगता येत नाही" म्हणताना ज्या तऱ्हेनं त्यांनी चष्मा काढला, त्यावरून मला सांगता आलं.

खोलीवर आणल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. बिस्किटं आणायची, शहाळं आणायची, "नशीब" म्हणायची, "नजर लागली" म्हणायची आणि जायची. मामाही आले. त्यांनी पिशवीतून बिस्किटं काढली नाहीत. ते एसटीनं रिसोडला जाऊन, गोदामवाल्याशी भांडून ते तुटलेलं टेकण घेऊन आले होते. ते त्यांनी माझ्या नवऱ्याच्या अंथरुणावर, अगदी हाताजवळ ठेवलं. "हे पाहा जवाईबापू. वरतून रांगोळी, आतून काईच नाई." माझ्या हातात चहा होता आणि तो त्यांच्या डोक्यावर ओतावा असं मला फार वाटलं. मावशी कडाडल्या, "दादा, काही लाज? मानूस कोनत्या हालात हाय!" पण मालकांनी ते टेकण उचललं, उलटसुलट केलं, अंगठा फिरवला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून पुरं वाक्य निघालं. "माझाच हात आहे हा. घाईत केला होता." मग ते रडले. मी आठ दिवस मामांशी बोलले नाही. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की रात्ररात्र छताकडं बघत "दोर सुटला का, कुणी ढकललं का, देवाचं काही चुकलं का" असं जे ते पुटपुटायचे, ते बंद झालंय.

गावाकडून दिरांचा फोन आला. "या इकडं. पडवीत जागा करू. म्हैस विकली की जागा होईल." म्हैस कधी विकणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती पडवी मला माहीत आहे. तिथं निजलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, आणि हळूहळू दिसेनासा होतो. मावशी म्हणाल्या, "हे पाय बाई, गुढीपाडव्यापर्यंत मी दुकान दुसऱ्या कोनाले देत नाई. पाडव्याले मले सांग, राह्यता का जाता." म्हणजे माझ्याकडं दसरा ते पाडवा एवढा वेळ होता, आणि दुकानात एक न उघडलेलं खोकं होतं.

खोक्यात नवी मशीन होती. मालकांनी पडण्याआधी आठ दिवस आणलेली. कांडी लावून करायचं वेल्डिंग ते नव्हे. हिच्यात तारेचं रीळ बसतं, बंदुकीचा घोडा दाबला की तार आपोआप पुढं येत राहते आणि वितळत जाते. हाताला हलकी, बारीक पत्र्याला चांगली. दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडायची म्हणून ठेवली होती. मामांनी खोक्यावर हातोडी वाजवून विचारलं, "हे कोनाचं?" मी म्हणलं, ह्यांचं. "याहिचं नाई आता. तुयं." मी म्हणलं, "आवो मामा, मला काय येतंय? मी सातवी शिकलेली बाई." मामा म्हणाले, "बरं हाय. तार कोनाले सर्टिफिकेट नाई मांगत."

दसऱ्याला मी मशीनची पूजा केली आणि तिथंच पहिला घोळ घातला. वरून हळदकुंकू सगळेच लावतात. मला वाटलं, देवाला नुसतं दारावर कशाला, गाभाऱ्यात लावावं. म्हणून बाजूचं झाकण उघडलं. आत जी दोन छोटी चाकं तार ओढून पुढं ढकलतात, त्या दोन्ही चाकांना तुपात कालवलेलं कुंकू मनोभावे लावलं आणि झाकण बंद केलं. दुसऱ्या दिवशी मामांच्या देखरेखीखाली तार ओवली, घोडा दाबला, तर तार येईना. चाकं आपली फिरतायत. मामांनी चाकांवरचा चाप आवळला. मग तार आली, थांबली, आतच वेटोळी झाली, आणि झाकण उघडलं तर चिमणीनं घरटं बांधावं तसा गुंता. कापला, पुन्हा ओवली, पुन्हा घरटं. मामा सकाळपासून दुपारपर्यंत मशीनसमोर मांडी घालून बसले होते. आतल्या खोलीतून मालक ओरडत होते, "टोकाचं भोक बुजलंय का बघा!" मामा ओरडत होते, "तुमी निजा जवाईबापू!" शेवटी मामांनी चाकावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता घर सोडून जावं. "तूप हाय काय वं हे?" मी मान हलवली. "गावरानी?" मी पुन्हा मान हलवली. मामांनी बोट बंडीला पुसलं. मग म्हणाले, "पूजा कर माय, पन तिच्या दाताले तूप नोको लावू. दात धरत नाईत मंग." आणि खोलीतून, त्या अपघातानंतर पहिल्यांदाच, मालकांच्या हसण्याचा आवाज आला. दुखत होतं म्हणून ते हसणं मध्येच थांबलं, पण आलं. चाकं पुसून मी दाराआड जाऊन रडले, आणि कशासाठी रडले ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

खरं म्हणजे ही मशीन मामांनाही नवीन होती. त्यांचं सगळं शिक्षण कांडीवरचं. पण माहीत नाही असं कबूल करण्याऐवजी ते एसटीनं अकोल्याला जात. तिथल्या एका दुकानात विचारून येत. आणि एका खेपेत एकच प्रश्न. "दोन गोष्टी इचारल्या का दोनी इसरते," असा त्यांचा स्वतःविषयीचा अनुभव. आमचा जोड जाळीदार येत होता, फुसफुसत होता, ठिणग्यांचा नुसता शिमगा. त्यासाठी मामा गेले आणि उत्तर घेऊन निघाले : बिनगॅसची तार असली तर बंदुकीची वायर आतून मायनसला जोडायची. विसरू नये म्हणून ते अकोल्याहून बसमध्ये ते वाक्य घोकत बसले. "बिनगॅसची तार तं बंदूक मायनसले, बिनगॅसची तार तं बंदूक मायनसले." कंडक्टरनं विचारलं, "कुठचं देऊ बाबा?" मामा म्हणाले, "बंदूक मायनसले." शेजारच्या बाईनं पोराला उचलून दुसऱ्या बाकावर नेलं. पातूरला कुणीतरी ओळखीचं चढलं, रामराम केला, म्हशीची चौकशी केली, आणि मामांचं वाक्य गेलं. मामा तिथंच उतरले आणि परत अकोल्याला गेले. घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारातूनच एका दमात ते वाक्य माझ्या अंगावर टाकलं आणि मग कुठं पाणी मागितलं. मी आतल्या दोन वायरींची जागा बदलली. जोड बसायला लागला.

शिकवताना मामा बंदूक हातात घेत नसत. सुरुवातीला मला वाटलं, वयामुळं. मी म्हणायची, "मामा, एकदा करून दाखवा की." ते दोन्ही हात मागं बांधायचे. मग एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, घ्यायचे आणि तिच्यानं हवेत दाखवायचे. इतकी तिरपी धर. इतकं सरक. "अन् कान दे. कढईत भजे सोडल्यावर तेल कसं बोलते, तसं बोललं पायजे. तेल कच्चं असलं का मुकं राह्यते, जयालं का फाडफाड करते. हे मले शिकाले दहा वर्सं लागले. तुले येते." मला येत होतं. जन्मात पहिल्यांदा मला आधीपासून येत असलेली गोष्ट कुठंतरी उपयोगी पडत होती. पण गिरणी चालू झाली की बोलणं बिघडायचं. शेजारी चक्की फिरायला लागली की विजेचा जोर उतरायचा, तार नुसती वरवर पसरायची, दिसायला गुळगुळीत. मामांनी नियम घातला, गिरणी चालू तर बंदूक बंद.

आणि रोज संध्याकाळी मोडणं. मी दिवसभर जोडलेला प्रत्येक तुकडा मामा शिकंज्यात आवळायचे आणि घण घालायचे. "मोडलं तं लोखंडाचं, नाई मोडलं तं आपलं." पहिला दीड महिना काहीच आपलं झालं नाही. भंगारवाला दर गुरुवारी हसत यायचा. "ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाई जिल्ह्यात. लोकं जुनं लोखंड देते, तुमी नवं आनता अन् सिधं मलेच देता." हाताला चट्टे पडले. डोळ्यात कच गेल्यासारखं व्हायचं. मार्गशीर्षात एक तुकडा मोडला नाही. मामांनी सहा घाव घातले, पट्टी वाकली, जोड तसाच. मामांनी घण खाली ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "घनाचा दांडा ढिल्ला झाला वाटते." त्यांच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

ते बंदूक का धरत नाहीत, हे मला मावशींनी सांगितलं, हरभऱ्याची भाजी खुडता खुडता, मान वर न करता. तरुणपणी मामा रिसोडला ट्रॉल्या बनवायच्या कारखान्यात होते. ट्रॉलीच्या दांड्याला पुढं जाड लोखंडी कडं असतं, ते ट्रॅक्टरला अडकवतात. मामांनी जोडलेलं एक कडं उतारावर सुटलं. मजूर बाया बसलेल्या ट्रॉलीत. ट्रॉली नाल्यात गेली. तीन बाया गेल्या. "कोनी दादाले काई इचारलं नाई. कोनाचा जोड होता ते कोनाले मालूम? पन दादा गेला पाहाले. वेल्डरले आपला जोड दिसते वं, आपलं अक्षर दिसल्यावानी. तवापासून हात नाई लावला. लगन बी नाई केलं." मग त्या म्हणाल्या, "मेथी बी निवडून ठेवजो," आणि आत गेल्या. मी मेथी पुढ्यात ओढली. रस्त्यावरून टिचकीचा आवाज येत होता आणि कुणीतरी "कोन हाय?" म्हणून विचारत होतं.

माघात मामांचा मोतीबिंदू काढायचा ठरला. मावशी त्यांना घेऊन अकोल्याला गेल्या, आणि नेमका त्याच दिवशी सकाळी दुकानापुढं ट्रॅक्टर येऊन थांबला. जवळच्या मेडशी गावचा. ट्रॉलीत दहा-बारा बाया, हरभरा सोंगायला निघालेल्या, मांडीवर विळे आणि भाकरीची फडकी. गतिरोधकावर आदळून कड्याचा जोड उलला होता. ट्रॅक्टरवाला गळ्यात लाल गमछा टाकलेला, घाईत. "मिस्तरी कुठी हाय?" मी म्हणलं, मीच आहे. त्यानं आत डोकावलं, बाहेर बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "बरं. दोन टाके मारून दे बाई. वावरापर्यंत गेलं म्हंजे झालं."

कडं बघितलं आणि मावशींनी सांगितलेला तो नाला आठवला. नाही म्हणावं असं वाटलं. पण पाडवा महिन्यावर आला होता, आणि नाही म्हणणाऱ्या मिस्तरीकडं पुन्हा कोण येतं? मी काळ्या काचेचा टोप घातला आणि जोडलं. शेजारी गिरणी चालू होती. मला ऐकू येत होतं की तेल बोलत नाहीये. ऐकू येत होतं, आणि तरी मी हात पुढं सरकवत राहिले. टोप काढला तर जोड असा देखणा, की ट्रॅक्टरवाला खूश झाला. "वा वा! निरी रांगोळीच काढली तुमी तं!"

त्या शब्दासरशी मला अंथरुणावरचं ते टेकण दिसलं. तो आधीच ट्रॅक्टरवर चढला होता. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणलं, बायांना खाली उतरवा. "काहून?" मी म्हणलं, मला बघायचंय. ट्रॉलीतल्या बाया हसायला लागल्या. "काहून वं, आमी जड झालो काय तुया जोडाले?" ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ऊन चढून राह्यलं बाई! आता खाडा तू भरशीन काय?" मी हलले नाही. तेवढ्याच जाडीचे दोन तुकडे घेतले, चालू गिरणीत तसेच जोडले, शिकंज्यात आवळले आणि घण घातला. दुसऱ्या घावाला तुकडा सुटून खाली पडला. आतला भाग कोरा. तार लोखंडात शिरलीच नव्हती, नुसती वर पसरली होती. बायांचं हसणं थांबलं. त्यातली एक म्हातारी उतरली, पडलेला तुकडा उचलून तिनं हातात फिरवला आणि विचारलं, "अन् त्या कड्याले बी असंच लावलं तू?" मी म्हणलं, हो. मला वाटलं, ती आता मला मारेल. ती म्हणाली, "मंग आता नीट लाव." मी म्हणलं, गिरणी थांबली पाहिजे. म्हातारी तशीच गिरणीच्या दारात गेली. "बंद कर गा तुयी चक्की!" आतून गिरणीवाला ओरडला, "अवं डबे पाह्य किती लागले! लोकायचं दयन हाय!" ती म्हणाली, "दयन थांबते. ट्रालीत तू नाई बसून राह्यला, आमी बसतो." मागोमाग चार-पाच बाया विळे हातात घेऊनच दारात जाऊन उभ्या राहिल्या. चक्की थांबली.

मी ग्राइंडरनं माझा जोड कापून काढला. आतून मालक ओरडत होते, "आधी खाच पाड! चारी बाजूंनी खाच पाड, मगच भर!" खाच पाडली. एकावर एक तीन थर भरले. तेल बोलत होतं. पुन्हा नमुन्याचा तुकडा केला आणि घण ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिला. त्यानं राग काढला सगळा. पट्टी वाकून नालासारखी झाली. मोडली नाही. म्हातारीनं पहिला पाय ट्रॉलीत ठेवला, मग बाकीच्या चढल्या.

मी त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. रस्त्याकडं बघत बसले. मालकांनी दोनदा पाणी मागितलं तेव्हा उठले तेवढीच. ऊन उतरल्यावर ती ट्रॉली परत त्याच रस्त्यानं आली. मी डोकी मोजली. सगळी होती. म्हातारीनं विळा वर करून दाखवला, थांबलं कुणी नाही.

मेडशीकडची माणसं त्यानंतर यायला लागली. "ते सोताचंच तोडून दाखोते, तिच्याकडं जा," असं तिकडं म्हणतात म्हणे. पाडव्याला मावशींनी मला काही विचारलं नाही. आपल्या दारातली गुढी उभी केली आणि दुसरी काठी दुकानाच्या दाराशी आणून ठेवली. मालक खाटेवर उशाला टेकून बसायला लागलेत. बसल्या जागी नमुने तपासतात. चालणं नाही. ते काही व्हायचं नाही, हे आता आम्ही दोघंही एकमेकांसमोर बोलतो.

मामा अकोल्याहून काळा चष्मा लावून परत आले ते दवाखान्यावर चिडून. त्यांनी तिथं खाटा ठोकून बघितल्या होत्या आणि वॉर्डबॉयनं हातोडी काढून घेतली होती. मी त्यांना कड्याची हकिगत सांगितली. वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "गिरनी चालू होती तं पयल्यांदा हात काहून लावला?" मग त्यांनी विचारलं, "बाया किती होत्या?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकानं डोळे पुसले. "आपरेशनचं पानी येते," म्हणाले. पुष्कळ वेळ ते पाणी येत होतं.

मी म्हणलं, "मामा, तुमचं मी काय करू? शाल नको म्हणता, जेवायला बोलावलं तर ताट ठोकून बघता." ते म्हणाले, "एक काम हाय. आपल्या गावच्या मसनातली लोखंडी चौकट. जायाले मानूस ठेवते ते. तिचा एक पाय खोकलते, मी पाहून आलो. मले ठेवल्यावर मोडली तं लोकं हासतीन. म्हनतीन, जल्मभर गावाचे फाटकं ठोकले अन् सोताचं नाई पाह्यलं. ते तू कर. दुसऱ्या कोनाच्या जोडावर नाई निजत मी."

मामा, ती चौकट मी करीन. चारी पायांना खाच पाडून, थर भरून, गिरणी बंद ठेवून करीन. नमुना तुमच्यासमोर मोडायला ठेवीन आणि घाव तुम्हीच घालायचे. पण मेडशीकरांची कामं आहेत, पेरणीयंत्रं आहेत, मग सोयाबीनचा हंगाम आहे, तुरीचा आहे, आणि तुमची चौकट त्या सगळ्यांच्या मागं रांगेत आहे. बाकीची देणी माणसानं लवकर फेडावीत म्हणतात. हे एक मी फेडीन, नक्की फेडीन, पण जमेल तितका उशीर करून.